कापसाचे बोळे

माल वाजवून घेणारी माणसं डिंकीला आयुष्यभर भेटत आली होती. पण त्या सकाळी अशी चार माणसं एकदम भेटली, आणि चौघंही नावाजलेले खेळाडू.

डिंकी म्हणजे पॅडेलच्या रॅकेटी बनवणाऱ्या कारखान्यातली, नमुन्यांच्या टेबलावरची बाई. बोटांना कायम डिंकासारखं रेझीन चिकटलेलं, म्हणून डिंकी. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिथेच राहिलं. पॅडेल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो: चार माणसं, मध्ये नेट, भोवती काचेच्या भिंती, आणि टप्पा घेऊन काचेवर आपटलेला बॉलसुद्धा जिवंत. पण समोर टप्पा घेऊन तो भिंतीपलीकडे बाहेर गेला, तर मारणाऱ्याचा पॉइंट. रॅकेटला तारा नसतात. वरून कार्बनचं कापड, पोटात फोम, अंगभर भोकं. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. खरा कारभार पोटात.

आणि त्या पोटावरून भांडण लागलं होतं.

साचा एकच, पण पोटं दोन. पहिलं बाहेरून बोलावलेल्या डिझायनरचं: कडक फोम. दुसरं डिंकीचं: मधला फोम, म्हणजे ना कडक ना मऊ, कापडाचा एक थर तिरका, आणि मुठीच्या आत तिने काहीतरी भरलं होतं, जे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फोमची वर्षभराची ऑर्डर मालक आज बारा वाजता फोनवरून देणार होता. एकच ऑर्डर, एकच फोम. डिझायनरचा ठरला तर नमुन्यांचं टेबल बंद आणि डिंकी परत भोकं पाडायच्या मशीनवर. त्या मशीनवर तिने सहा वर्षं काळी धूळ गिळली होती. तिथून टेबलापर्यंत यायला आणखी पाच लागली. आता खाली जायला एक फोन पुरणार होता.

मालकाला रॅकेट हवी होती "हरहुन्नरी". जोरदार फटका बसला पाहिजे, नेटवर हलका हातही चालला पाहिजे, काचेवरून आलेला वेडावाकडा बॉलही सावरता आला पाहिजे. आणि घेणारे मुरलेले खेळाडू. इथेच घोडं अडत होतं. मुरलेल्या खेळाडूला हरहुन्नरी म्हटलं की तो नाक मुरडतो. त्याला वाटतं, सगळं येतं म्हणजे धड काहीच येत नाही. सगळी कामं करणारी बाई घरात चालते, कारखान्यात चालते, पण कौतुक करायची वेळ आली की एकच काम करणारा साहेब लागतो. रॅकेटीचं नशीब तरी वेगळं का असेल.

तर क्लबच्या मैदानावर सकाळी दहाला चौघं जमले. एका बाजूला डिंकीचे भावोजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, क्लबातला सगळ्यात जोरात मारणारा माणूस, आणि त्यांचा जोडीदार उंच्या. समोर दातांची डॉक्टरीण, जिला सगळे दातवाली म्हणत, आणि तिचा जोडीदार टॅक्सीवाला, जो गिऱ्हाईकाशी जितकं बोलायचा तितकंच मैदानावर बोलायचा, म्हणजे नाहीच.

आठ रॅकेटी, काळ्या, बिननावाच्या. डिझायनरच्या चार, त्यांच्या बुडाला खडूने एकचा आकडा. डिंकीच्या चार, त्यांच्या बुडाला दोनचा.

"दोन नंबरचा माल म्हणा की," भावोजी म्हणाले. "पोलीस येतील, मेव्हणीबाई."

"तुम्ही खेळा, भावोजी. पोलिसांचं मी बघते."

पहिला सेट एक नंबरने झाला. टण् टण् टण्. काचेच्या खोलीत तो आवाज असा घुमत होता की मालकाचा चेहराच उजळला. प्रत्येक फटक्याला माणूस दोन इंच उंच दिसत होता. मग दोन नंबर घेतल्या. थप्. थप्. थप्.

तिसऱ्या फटक्यालाच भावोजींनी रॅकेट कानाजवळ नेऊन हलवली. पाचव्याला मान हलवली. अर्ध्या तासाने चौघं घाम पुसत बाकावर आले आणि निकाल लागला.

"ओल्या गादीवर काठी मारतोय असं वाटतं," भावोजी म्हणाले. "मेलेली आहे. राग मानू नकोस."

"माझ्याकडे किडलेली दाढ अशी वाजते," दातवाली म्हणाली.

उंच्या म्हणाला, "मारल्यासारखं वाटतच नाही हो. म्हाताऱ्यांना द्या."

टॅक्सीवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं. "दोन्ही बऱ्या आहेत," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

मालकाने घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. "झालं मग," तो म्हणाला आणि खिशातला फोन काढला. "डिंके, वाईट वाटून घेऊ नको. मशीनवर तुझा हात बसलेलाच आहे."

डिंकीच्या हातात एक बॉल होता. धुळीने माखलेला, एका बाजूला गाडीच्या तेलाचा डाग. खेळ चालू असताना तोच आणायला ती बाहेर गेली होती. ती उठली आणि भावोजींसमोर उभी राहिली.

"हा बॉल मी कुठून आणला?"

"बाहेरून."

"बाहेर कुठून?"

"गाड्या उभ्या आहेत तिथून असेल."

"निळ्या गाडीच्या खालून. रांगत गेले. तिथे गेला कसा?"

"गेला म्हणजे, मी मारला. समोर टप्पा पडला आणि बाजूच्या भिंतीवरून बाहेर."

"कुठल्या रॅकेटने?"

भावोजींनी उंच्याकडे पाहिलं. उंच्याने बुटाच्या नाडीकडे पाहिलं.

"वारा होता," भावोजी म्हणाले.

भिंतीवर कुणीतरी वाळत घातलेला पंचा होता. त्याचं एक टोकही हलत नव्हतं. दातवाली खोकली, पण ते हसणं होतं.

"एक नंबरने तुम्ही सहा स्मॅश मारले," डिंकी म्हणाली. "दोन नेटमध्ये. तीन काचेवर आपटून दातवालीबाईंच्या समोर ताटात वाढल्यासारखे आले. एक बाहेर. दोन नंबरने पाच मारले. तीन बाहेर. आणि तीच मेलेली? असं मढं मला रोज मिळू दे."

"ए, मोजत बसली होतीस होय?"

"आम्ही मोजायलाच बसतो. तुम्ही खेळता, आम्ही रांगतो."

मालक मध्ये पडला. "अगं पण खेळाडूला वाटतंय ना तसं. खेळाडूच्या हाताला कळतं."

"हाताला कळतंच," डिंकी म्हणाली. "पण हे हाताला विचारतच नाहीत. कान आधी निकाल देतो आणि हात बिचारा मुंडी हलवतो. मला विचारा. मी पण कानाचीच आहे."

आणि हे खरं होतं. कारखान्यात रॅकेट भट्टीतून निघाली की ती टिचकी मारून तपासतात. स्वच्छ वाजली तर पास. बद्द वाजली तर आत हवेचा बुडबुडा आहे, फेका. भोकं पाडण्याआधीही टिचकी मारावीच लागे, म्हणून अकरा वर्षं डिंकीने हेच केलं होतं. डोळे मिटून शंभरातली एक नासकी काढायची ती. म्हणून जेव्हा तिने स्वतःच्या डोक्याने बनवलेली पहिली रॅकेट बाहेर काढली आणि टिचकी मारली आणि ती थप् म्हणाली, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने ती भंगाराच्या पेटीत टाकली. तिला वाटलं, बुडबुडा. मग रागाने, आपली चूक बघायची म्हणून, करवतीने उभी कापली. आत बुडबुडा नव्हता. फोम साबणाच्या वडीसारखा अखंड होता. कापडाचा थर कुठे सुटला नव्हता. नासका होता तो तिचा कान. आपल्याच हाताने आपलंच लेकरू चिरून तिला हे कळलं होतं, आणि ते ती विसरणार नव्हती.

हे सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिने सांगितली नाही. भावोजींनी एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. त्या बाहीच्या आत कोपराला पट्टा होता. क्लबच्या पहिल्या संघाची निवड पुढच्या महिन्यात होती आणि ते कोपर कुणाला दिसू नये म्हणून माणूस घामाने भिजत होता. ताईने डिंकीला सांगितलं होतं: भांडं उचलता येत नाही त्यांना, चमचा डाव्या हाताने धरतात. मनात आणलं असतं तर डिंकीने ती बाही सगळ्यांसमोर वर केली असती आणि वाद तिथेच मिटला असता. पण बहिणीचा नवरा होता. आणि बाजी मारायची तर रॅकेटीने मारायची, माणसाला उघडं पाडून नाही.

ती दातवालीकडे वळली. "बाई, तुमच्या पिशवीत कापूस असेल ना?"

"कापसाशिवाय माझा दिवस उगवत नाही."

"आठ बोळे द्या."

मालक म्हणाला, "हा काय पोरखेळ चाललाय? बारा वाजता मला फोन करायचाय."

"अजून तास आहे," दातवाली म्हणाली. पिशवी उघडून ती बोळे वळायलाही लागली होती. "रोज लोकांच्या तोंडात घालते. आज स्वतःच्या कानात घालून बघते. उंच्या, इकडे ये. आ नको करू. कान पुढे कर."

मग डिंकीने मालकाला कामाला लावलं, आणि मालक लागला, कारण चौघं बघत होते. त्याने खडूच्या आकड्यांवर काळी टेप चिकटवली, पाठ करून रॅकेटी चारदा फिरवल्या आणि बाकावर ओळीत ठेवल्या. डिंकीने दोन्ही हात कामावरच्या झग्याच्या खिशात घातले. "मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "नंतर कुणी म्हणायला नको."

खेळ सुरू झाला आणि पहिल्या मिनिटात सर्कस झाली. उंच्या "माझा" म्हणाला, भावोजीही "माझा" म्हणाले, कुणालाच कुणाचं ऐकू आलं नाही, आणि दोघं मधोमध एकमेकांवर आदळले. दातवाली आपल्या जोडीदाराला ओरडून काहीतरी सांगत होती. टॅक्सीवाल्याला मात्र काहीच फरक पडला नाही. तो एरवीही असाच खेळायचा.

दोन गेम झाल्यावर डोळे कामाला लागले. आणि मग खेळ असा रंगला की तिकीट लावावं.

ऐकू येत होतं फक्त दोघांना. डिंकीला आणि मालकाला. दोघं काचेबाहेर शेजारीशेजारी बसले होते. भावोजींच्या हातात पहिली आलेली रॅकेट वाजली: टण्. मालकाने डिंकीकडे पाहिलं. डिंकीने समोर पाहिलं. भावोजींनी दोन बॉल हाणले, तिसरा नेटमध्ये घातला, आणि फटक्यानंतर त्यांचं कोपर किंचित आत ओढलं गेलं, विस्तवाला हात लागल्यावर ओढला जातो तसं. मालकाला ते दिसलं की नाही कोण जाणे. चौथ्या बॉलला भावोजींनी हात झटकला, बाकापाशी आले, आणि न सांगता रॅकेट बदलली.

थप्.

एवढा एक आवाज. आता सगळं उघड्यावर होतं.

समोरून दातवालीने उंच लॉब टाकला. बॉल भावोजींच्या डोक्यावरून मागे गेला, टप्पा घेऊन काचेला लागला. ते मागे धावले, गुडघ्यात वाकले, आणि काचेवरून पडणारा बॉल खालून अलगद उचलला. परत उंच. टॅक्सीवाल्याने तो हवेतच दाबला. उंच्याने अडवला. दातवालीने कोपऱ्यात ढकलला. भावोजी कोपऱ्यात. दोन काचांमधून बॉल गरगर फिरून आला आणि त्यांनी तो नेटच्या पट्टीवरून असा सोडला की समोरची दोघं पुढे यायला लागली. थप्, थप्, थप्. डिंकी मोजत होती. चौदा. पंधरा. मालक बाकाच्या टोकाला येऊन बसला. अठरा. टॅक्सीवाल्याने पोटात मारलेला बॉल भावोजींनी रॅकेट छातीशी धरून नुसता थोपवला. तो मेल्यासारखा नेटपलीकडे पडला आणि दातवालीने जमिनीवर लोळण घेऊन वर काढला. वीस. बॉल उंच गेला. खूप उंच.

भावोजी त्याच्या खाली जाऊन उभे राहिले. सगळ्यांनी वर पाहिलं. डिंकीने मात्र कोपराकडे पाहिलं.

हात पूर्ण वर गेला. सहा महिन्यांत गेला नव्हता एवढा. आणि खाली आला.

बॉल समोरच्या मैदानात आपटला, बाजूच्या भिंतीवरून गेला, वरच्या तारेच्या जाळीवरून गेला, आणि कुठेतरी लांब गाडीच्या टपावर वाजला. गाडीचा भोंगा सुरू झाला. मैदानावरच्या चौघांनाही तो ऐकू आला नाही.

"निळी गाडी माझी आहे," मालक म्हणाला. पण तो उठला नाही.

पुढचा अर्धा तास असाच गेला. दातवालीने तीनदा रॅकेट बदलली आणि चौथ्यांदा एकच धरून ठेवली. उंच्या मात्र टण् वाजणारीलाच चिकटला. त्याचं पिंडच तसं होतं, धडाधड मारायचं आणि पॉइंट लवकर संपवायचा, आणि त्याला ती शोभत होती. हेही खरं बोललं पाहिजे. सगळ्या जगाला आवडणारी वस्तू अजून बनायची आहे, आणि जो म्हणतो बनली, तो विकायला बसलेला आहे.

खेळ थांबला. दातवालीने बोळे काढले. "अगं बाई, तो भोंगा कधीपासून वाजतोय?"

मालकाने गाडी गप्प केली आणि निवड मागितली. प्रत्येकाने आपली रॅकेट बाकावर ठेवली. मालकाने टेपा सोलल्या. उंच्याची: एक. दातवालीची: दोन. टॅक्सीवाला पुन्हा म्हणाला, "दोन्ही बऱ्या आहेत," मग जरा थांबून, सगळ्यांना धक्का देत, आणखी तीन शब्द बोलला: "ही जरा जास्त." त्याच्या बोटाखाली दोन होता.

भावोजींची टेप मालकाने सावकाश सोलली.

दोन.

"आकडे बदललेत," भावोजी म्हणाले. एका कानात अजून बोळा होता.

"टेप मी लावली," मालक म्हणाला. "आणि कान माझे उघडे होते. तुम्ही थप् वाजवत होता. अर्ध्या तासात एकदाही तोंड वाकडं केलं नाहीत."

"मग जरा बरी असेल. पण मेलेली..."

"माझ्या गाडीला पोचा पडलाय. मेलेल्याने पाडला का?"

भावोजींनी रॅकेट परत उचलली, दुसरा बोळाही नीट कानात कोंबला, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी एकटेच आत जाऊन काचेवर बॉल मारायला लागले.

साडेअकरा वाजून गेले होते. मालकाने डिंकीला बाजूला घेतलं. "फोम तुझा घेतो. पण एक कर. दुकानात गिऱ्हाईक बोटाने वाजवून बघतं. बद्द वाजली की ठेवून देतं. मुठीत जे काय भरलंयस ते काढ. थोडी वाजू दे."

डिंकीच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी सर्कस, एवढी लोळण, गाडीला पोचा, आणि परत तेच, गाडी पुन्हा कानावर. "ते काढलं की फोम कुठलाही घाला," ती म्हणाली. "मग मला मशीनवरच पाठवा. निदान तिथे कोणी मला हरहुन्नरी म्हणणार नाही."

"मग विकू कशी?"

"आज तुम्हाला पटली तशी. खोक्यात दोन बोळे टाका आणि वर लिहा, आधी कानात घाला, मग खेळा."

मालक हसणार होता, पण त्याच्या आतला दुकानदार आधी जागा झाला.

"कापूस मी देईन," दातवाली बाकावरून म्हणाली. "दाढ काढण्यापेक्षा स्वस्त पडेल."

मालकाने फोन लावला. "हो, मीच. मधला. नाही, कडक नको. सगळा मधला. हो, वर्षभराचा." मग डिंकीकडे बघून, फोनवर हात ठेवून म्हणाला, "टेबलाला एक पंखा घे. उद्याच." आणि काचेकडे तोंड करून हाक मारली, "अहो, तो नमुना परत द्या. आज भट्टीवाल्याला दाखवायचाय."

भावोजी खेळत राहिले.

"अहो."

थप्. थप्.

"कानात बोळे आहेत त्यांच्या," डिंकी म्हणाली. "मी आणते."

ती काचेच्या दारातून आत गेली. दाराजवळ जमिनीवर दोन बोळे पडले होते, घामाने चिंब. भावोजींना सगळं ऐकू येत होतं. ते न वळता म्हणाले, "मुठीत काय घातलंयस?"

"रबर."

"कसलं रबर? कोपरापर्यंत काही येतच नाही."

"बुटाच्या तळाचं. कापून दोन थर लावले."

बॉल काचेवर आपटून परत आला. भावोजींनी तो हातात धरला. "कुणाच्या बुटाच्या?"

"ताईने दिला एक."

"तो करडा? उजव्या पायाचा?" ते आता वळले. "दोन महिने घर उलथं केलं मी त्या बुटासाठी. कुत्र्याने नेला म्हणाली ती."

"तुमच्याकडे कुत्रा नाही, भावोजी."

"ते मलाही माहीत आहे." त्यांनी उजव्या हाताने पाण्याची बाटली उचलली, भरलेली, वरपर्यंत, आणि प्यायले. बाटली खाली ठेवल्यावर स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती कोपराबद्दल काही बोलणार नव्हती आणि तेही बोलणार नव्हते, एवढं दोघांना पुरत होतं.

"आता एका बुटाचं मी काय करू?" ते म्हणाले. "डावा खाटेखाली पडलाय. घेऊन जा तोही."

"नमुना मागतायत मालक."

"मागू देत." त्यांनी बॉल वर टाकला, पूर्ण हात ताणला आणि हाणला. थप्. बॉल भिंतीवरून गेला आणि मालक बाहेरून गाडीच्या नावाने ओरडला.

डिंकी आणायला वळली, तशी भावोजींनी तिला बाहीने मागे ओढलं.

"थांब," ते म्हणाले, आणि या खेपेला बॉलसाठी रांगायला स्वतः गेले.